हजेरीची रिंग

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. शेगडी बंद केली का ते बघायला मी अर्ध्या वाटेवरून सायकल वळवून घरी येते, आणि आमची शेगडी इंडक्शनची आहे, भांडं उचललं की आपोआप बंद होते. त्यामुळे दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं जग एकदम घाबरलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला क्षणभर सोबत मिळाल्यासारखं वाटलं. ते काही फार टिकलं नाही.

नेदरलँड्समध्ये, आल्मेरेतल्या आमच्या वस्तीत एक समाजकेंद्र आहे. तिथे मी आठवड्यातले काही तास कामाला होते. नवऱ्याच्या व्हिसावर 'डिपेंडंट' म्हणून इथे आल्यावर कितीतरी वर्षांनी मिळालेली माझी ही पहिली नोकरी, आणि ती सगळी नगरपालिकेच्या अनुदानावर उभी होती. अनुदान म्हाताऱ्या माणसांसाठी होतं, पण त्यातून त्यांना काही द्यायचं नव्हतं, उलट त्यांच्याकडून घ्यायचं होतं. एकटं राहणारं माणूस कोणाच्या तरी उपयोगी पडलं की त्याचं एकटेपण कमी होतं, तेव्हा त्यांना स्वयंसेवक करा, असं नगरपालिकेचं म्हणणं. मला ते मनापासून पटलं होतं. आमच्याकडे एक आजी मुलांना विणकाम शिकवायच्या, दुसऱ्या दोघी मिळून बुधवारचं सूप करायच्या, आणि ऐंशी कधीच ओलांडलेले एक आजोबा केंद्राच्या मागच्या खोलीत लोकांच्या सायकली फुकट दुरुस्त करून द्यायचे.

हे आजोबा म्हणजे काटकुळा, उंच, फटकळ माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती एक मुलगी लांब, नायमेखन शहरात. माझ्या सायकलचे ब्रेक बघून ते दर वेळी मान हलवायचे आणि म्हणायचे, "तुझा नवरा इंजिनिअर आहे ना?" त्या थंडीत माझ्या सासूबाई दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. त्या एकदा माझ्याबरोबर केंद्रात आल्या आणि त्यांनी डब्यातला रव्याचा लाडू आजोबांपुढे धरला. आजोबांनी तो खाल्ला, हात पुसले आणि न विचारता दुसरा उचलला. कॉफीबरोबर एक बिस्किट देऊन डबा बंद करणाऱ्या या देशात हे मी पहिल्यांदाच बघत होते. सासूबाई खूश झाल्या. तेव्हापासून ते त्यांचेही आजोबा, जरी त्या स्वतः सत्तरीच्या होत्या.

मग मार्च उजाडला आणि केंद्राला कुलूप लागलं. सासूबाईंचं परतीचं विमान रद्द झालं. त्यांना साखर, त्यांना ब्लडप्रेशर, भारतातून आणलेल्या गोळ्या संपत आलेल्या, प्रवासाचा विमा कशाकशाला लागू आहे हे कोणालाच धड ठाऊक नाही. मी रोज सकाळी उठले की आधी कान देऊन ऐकायचे, त्या खोकतायत का.

त्यातच नगरपालिकेच्या बाईंचा फोन आला. अनुदानाचं काम त्याच बघायच्या. बोलायला फार गोड. त्या म्हणाल्या, मिळालेलं अनुदान तुमच्याकडेच राहू दे, पण स्वयंसेवकांनी घरबसल्या काहीतरी करत राहायला हवं, नाहीतर पुढच्या सहामाहीचं मंजूर करणं कठीण जाईल. मी फोन ठेवला आणि डोक्याला हात लावून बसले. सायकली काय घरबसल्या दुरुस्त होणार होत्या?

सासूबाई जेवणाच्या टेबलाशी भाजी निवडत होत्या. साताऱ्याकडच्या एका अनुदानित शाळेत त्यांनी जन्मभर पहिली-दुसरीला शिकवलं. मी त्यांना फोनवरचं सगळं सांगितलं. अनुदान हा शब्द त्यांच्या कानाला बरोबर कळतो.

"अनुदान म्हटलं की हजेरी आलीच," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पट कमी झाला की शिक्षकाची जागाच जायची. तू रोज सकाळी हजेरी घे."

"आई, सगळ्यांशी डचमध्ये बोलत बसले तर माझा अख्खा दिवस जाईल."

"बोलायचं कशाला? मिस्ड कॉल द्यायला सांग. एक रिंग, मग कट. म्हणजे आहे, ठीक आहे. मी बसते फोनजवळ. नाहीतरी मला काय काम आहे?"

आता हे डच माणसांना समजावायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. फोन करायचा पण समोरच्याने उचलायचा नाही, हे त्यांच्या पचनीच पडेना. मिनिटं फुकट असताना न बोलता का ठेवायचं? विणकामवाल्या आजींनी मला तीनतीनदा विचारलं, "पण उचलायचा का नाही?" मी सांगितलं, आमच्याकडे 'पोचले', 'खाली ये', 'कुकर लाव' हे सगळं असंच कळवतात. सगळ्यात आधी समजलं ते आजोबांना. "उत्तम," ते म्हणाले. "म्हणजे 'आज कसं वाटतंय' असं कोणी विचारणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. साडी, त्यावर स्वेटर, पायात मोजे, नाकावर चष्मा अशा थाटात सासूबाई नाश्त्याच्या वेळी टेबलाशी बसायच्या. रिंग वाजायची, तुटायची, स्क्रीनवर मी मराठीत घालून ठेवलेलं नाव दिसायचं आणि त्या वर्गातल्या आवाजात म्हणायच्या, "हजर!" एखादीची रिंग आली नाही की मी फोन करायचे. बहुतेक वेळा त्या विसरलेल्या असायच्या. आजोबा कधीच विसरले नाहीत. व्हिजिटर व्हिसावरची बाई अहवालात स्वयंसेवक म्हणून दाखवता येत नव्हती, म्हणून माझ्या कागदांवर सासूबाई कुठेच नव्हत्या. पण त्या सगळ्या घरात त्या एकट्याच मजेत होत्या. मला त्यांचा हेवा वाटायचा.

बाहेर सुंदर ऊन पडलेलं असायचं. एप्रिलमध्ये इथे असं ऊन सहसा पडत नाही, आणि मला त्याची भीती वाटायची. लोक टी-शर्टात कालव्याकडेने फिरत, मास्कची गरज नाही असं सरकार सांगत होतं, आणि आम्ही जुन्या परकराचे मास्क शिवून घालून दुकानात गेलो की सगळे आमच्याकडे बघत. वृद्धाश्रमांची दारं बंद झाली होती. मुलं बाहेर गवतात उभी राहून खिडकीतल्या आईला हात हलवायची. रुग्णालयात तर कोणालाच आत सोडत नव्हते. ॲम्ब्युलन्समध्ये ठेवलेलं माणूस परत दिसेलच, असं कोणी खात्रीने सांगू शकत नव्हतं. मी बातम्या लावायचे, घाबरायचे, बंद करायचे आणि परत लावायचे.

अशाच एका सकाळी माझी नगरपालिकेच्या बाईंबरोबर व्हिडिओ मीटिंग होती. पुढची सहामाही मिळणार की नाही, हे त्यावर ठरायचं होतं. वरच्या खोलीत नवऱ्याचा कॉल चालू होता, म्हणून मी लॅपटॉप घेऊन सोफ्यावर बसले आणि सासूबाई नेहमीसारख्या टेबलाशी. आजोबांची रिंग वेळेवर आली. "हजर!" मग बाकीच्या आल्या. मग पुन्हा आजोबांची आली.

"आज दोनदा?" सासूबाई हसून पुटपुटल्या. "बोट लागलं असेल चुकून."

माझ्या स्क्रीनवर बाई म्हणत होत्या, "कल्पना मला आवडली आहे, पण एक रिंग म्हणजे संपर्क असं मी वर कसं सांगू? त्यात संभाषण नाही. माणूस कसा आहे, हे त्यातून कळत नाही." मी मान हलवत होते. मागे पुन्हा एकदा रिंग वाजून तुटली. सासूबाई माझ्याकडे बघून खुणा करायला लागल्या. मी हातानेच 'थांबा' म्हटलं आणि बाईंना सांगितलं, की आम्ही नक्की विचार करू. मला फक्त ती मीटिंग बरी पार पडायला हवी होती.

लॅपटॉप मिटला तेव्हा सासूबाई फोन हातात घेऊन उभ्याच होत्या. "अगं, आजोबांची सारखी रिंग येतेय. थोड्या वेळाने एक, थोड्या वेळाने एक."

मी त्यांना फोन लावला. दोनदा वाजला आणि त्यांनी कापला. मी पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग आमच्या फोनवर एक रिंग आली आणि तुटली.

"कापतायत," मी म्हणाले. "म्हणजे हातात फोन आहे. म्हणजे ठीकच असणार."

"कार्टं वर्गात असं करायला लागलं ना, की समजायचं काहीतरी लपवतंय," सासूबाई म्हणाल्या आणि बूट घालायला लागल्या. मी म्हटलं, तुम्ही नका येऊ, तुम्हाला साखर आहे. त्यांनी ऐकल्यासारखंही केलं नाही. मास्क मात्र घाईत माझाही राहिला आणि त्यांचाही.

आजोबांचं घर दोन गल्ल्या सोडून, तळमजल्याला. पुढच्या मोठ्या खिडकीतून त्यांची खुर्ची दिसत होती, रिकामी. मी बेल वाजवली. आतून काही नाही. मी वाकून दारातल्या पत्रांच्या फटीचं झाकण उचललं आणि आत बघितलं. समोरच्या बोळकांडीत करड्या मोज्यांतले दोन पाय होते, आडवे. एक हात फरशीवर होता आणि त्यात त्यांचा बटणांचा फोन. मी ते झाकण सोडलं, ते खाडकन आपटलं आणि मला वाटलं, मी त्यांना अजून घाबरवलं.

"मागून," सासूबाई म्हणाल्या.

घरांच्या मागे बोळ आहे, तिथून अंगणात जाता येतं. स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी ते ढकललं आणि आतून तापाच्या खोलीला येतो तो वास आला. दारात माझे पाय थांबले. घरी सगळे आहेत, ही हवा मी घरी नेणार, एवढंच डोक्यात. मी उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून एकशे बारा फिरवला. सासूबाई माझ्या बाजूने वाट काढून आत गेल्या. मी ओरडले, "आई, हात लावू नका!" तोवर त्या खाली बसल्याही होत्या आणि त्यांनी आजोबांचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

फोनवरची बाई विचारत होती, श्वास घेतायत का, ताप आहे का, खोकला आहे का. मला उत्तरं देता येत नव्हती, मी आत ओरडून विचारत होते, सासूबाई मराठीत ओरडून सांगत होत्या आणि मी ते डचमध्ये वळवत होते. आजोबा शुद्धीत होते. मला फोनवर बोलताना पाहून त्यांनी नाही अशी मान हलवली आणि ते काहीतरी म्हणाले. ते मला ऐकू आलं नाही. सासूबाईंनी ओट्यावरचा पाण्याचा पेला त्यांच्या तोंडाशी धरला होता, त्यांना वाटलं, पाणी नको म्हणतायत. त्यांनी पेला बाजूला ठेवला.

ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सासूबाईंना काय बोलावं ते कळेना. डच येत नाही, इंग्रजीची बोंब. शेवटी त्यांनी बेचा पाढा सुरू केला. बे एके बे, बे दुणे चार. हळू, एका लयीत, आजोबांच्या कपाळावर हात ठेवून. तो संपला की तीनचा. मी दारात उभी राहून ऐकत होते.

मग गाऊन, चष्मे, हातमोजे घातलेली माणसं आली. आम्हाला अंगणाच्या टोकाला जायला सांगितलं. स्ट्रेचर बाहेर नेताना आजोबांनी सासूबाईंकडे बघितलं. त्यांच्या हातात अजून फोन होता. तो त्यांच्याजवळ राहू दिला, एवढं मी पाहिलं.

त्यांची टेस्ट पॉझिटिव्ह आली, हे मला केंद्राकडून कळलं.

त्यानंतरचे दिवस मला धड आठवतही नाहीत, फक्त भीती आठवते. हाउसआर्ट्सने फोनवरच सांगितलं, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, की घरात राहा, आणि श्वास लागला तरच फोन करा. सासूबाईंना वरची खोली दिली. मी दाराशी ताट ठेवायचे आणि सोबत हिंगाची डबी. त्यांनी ती उघडून वास घ्यायचा आणि आतून ओरडून सांगायचं, "येतोय!" मग मीही हुंगायचे. हिंगाचा वास येतोय म्हणून मी देवाचे आभार मानले, असं कोणी पूर्वी सांगितलं असतं तर मी हसले असते. आईला तिथे का नेलंस, हे नवऱ्याने मला विचारलं नाही, पण मला ते त्याच्या पाठीकडे बघूनही ऐकू यायचं. सासूबाई गेल्या तर मी कोणत्या तोंडाने जगू, हाच एक विचार भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, सारखा. सकाळची हजेरी त्यांनी वरच्या खोलीतूनही चालू ठेवली. "हजर" म्हणताना आवाज मात्र बसलेला असायचा आणि तो तापाने बसलाय की कशाने, हे ओळखण्यासाठी मी जिन्यात उभी राहायचे.

त्यांना काही झालं नाही. आम्हा कोणालाच काही झालं नाही. का, हे मला आजही माहीत नाही.

आजोबा गेले. रुग्णालयात, त्या आठवड्यातच.

त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा सासूबाई नुकत्याच खाली यायला लागल्या होत्या आणि आम्ही दोघी टेबलाशी मटार सोलत होतो. नंबर अनोळखी होता. मुलीने नाव सांगितलं. ती आता विचारणार, इतक्या रिंग्ज आल्या तर तुम्ही आधी का गेला नाहीत. मी फोन स्पीकरवर ठेवला. सासूबाईंना प्रत्येक वाक्य मराठीत सांगत गेले.

तिने तसं काही विचारलं नाही. तिचा आवाज अगदी सपाट होता. ती म्हणाली, वडिलांना आदल्या दिवसापासूनच ताप होता. तिने त्यांना विनवलं होतं, ॲम्ब्युलन्स बोलवा. ते म्हणाले होते, एकदा आत नेलं की तिथे माझं कोणी येऊ शकणार नाही, मला माझ्या घरात राहू दे. तिला स्वतःला खोकला होता, ती निघू शकत नव्हती. सकाळी ते पडले. फोन हातात होता. त्यांनी तिला केला नाही, डॉक्टरला केला नाही, एकशे बाराला केला नाही.

"तुम्हालाच करत राहिले," ती म्हणाली. "रुग्णालयातून बोलता येत होतं तेव्हा त्यांनी मला सांगितलं. म्हणाले, तिकडे एक बाई बसलेली असते. रिंग दिली की तिला कळतं मी आहे, आणि कोणी येत नाही."

मी हे मराठीत सांगायला तोंड उघडलं आणि मला ते जमेना. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "काय म्हणाली? सांग ना." मी सांगितलं. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं?" त्यांनी विचारलं. मी ते विचारलं.

"नर्सने टॅबलेट धरला होता," मुलगी म्हणाली. मग ती म्हणाली, "ते म्हणाले, त्या बाई सारखं काहीतरी म्हणत होत्या. प्रार्थना असावी. त्यांना बरं वाटलं. काय होतं ते?"

"टेबल्स," मी म्हणाले. "बेचा पाढा. त्या शिक्षिका होत्या."

मग ती हसली की रडली, ते मला सांगता येणार नाही. तिने आभार मानले. "मीसुद्धा ॲम्ब्युलन्स बोलावलीच असती," असं म्हणाली आणि फोन ठेवला. ते आम्हाला बरं वाटावं म्हणून होतं की खरं, कोणास ठाऊक.

अनुदान पुढच्या सहामाहीला मंजूर झालं. अट एकच, प्रत्येक फोन उचलायचा आणि बोलायचं. बाईंनी मला अभिनंदनाचा मेल पाठवला आणि मी तो बघून बाथरूममध्ये जाऊन रडले.

पण ते नंतर. त्या दुपारी आम्ही दोघी टेबलाशीच होतो. मटार अर्धे सोलून झाले होते. सासूबाईंनी ती शेंग उघडली, दाणे वाटीत टाकले.

"ऐक," त्या म्हणाल्या. "माझ्यावर इथे तशी वेळ आली, तर आधी मला विचारायचं. मग फोन करायचा."

"आणि तुम्ही नको म्हणालात तर?"

"तर नुसती बसून राहा माझ्यापाशी."

"आई, माझ्याच्याने नाही होणार ते. मी बोलावीन. तुम्ही कितीही नको म्हणा, मी बोलावीन."

"ते माहितेय मला," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "बोलाव. पण अशी दारात उभी राहू नकोस. आत ये."